सोवळ्यातले अरण्य

मंडळाच्या कार्यकारिणीच्या गेल्या बैठकीत वार्षिक सहलीचा विषय निघाला आणि कूनोचे नाव पुढे आले. २०२२ साली तिथे चित्ते आले, तेव्हापासून ग्वाल्हेरच्या बहुतेक मराठी घरांतून हा बेत एकदा तरी झालेला आहे. बसचे भाडे, दुपारचे जेवण, गुडघे दुखणाऱ्यांसाठी पुढची आसने, इथवर चर्चा सुरळीत चालली. मग एका वयोवृद्ध सभासद बाईंनी, ज्यांना सारे मंडळ मावशी म्हणते, विचारले, "पण आपण तिथे जावे का?"

"मावशी, रस्ता आता चांगला झाला आहे," चिटणीस म्हणाले.

"रस्त्याचे नाही हो विचारत. जावे का, असे विचारते आहे."

बैठक क्षणभर थबकली. कोणी उत्तर दिले नाही. तेवढ्यात चहा आला आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला. आम्ही मात्र तो प्रश्न घरी घेऊन आलो, आणि तो अजून आमच्या टेबलावर आहे. मावशींना काय म्हणायचे होते ते आम्ही त्यांना विचारले नाही. विचारले असते तर कदाचित त्यांनी आम्हालाच विचार करायला सांगितले असते.

राष्ट्रीय उद्यान म्हणजे बागेचाच थोरला भाऊ, अशी सामान्य समजूत असते. 'उद्यान' या शब्दानेच ती करून दिलेली आहे. बाग सरकारची, सरकार लोकांचे, म्हणून बाग लोकांची. मग नियम कशासाठी, तर फुले तोडू नयेत आणि कागद टाकू नयेत एवढ्यापुरते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२, आम्ही निवृत्तीनंतर प्रथमच नीट वाचला, आणि तो नेमका उलट्या बाजूने सुरू होतो हे पाहून चकित झालो. सत्ताविसावे कलम आधी सांगते, की अभयारण्यात कोणी प्रवेश करू नये. मग अपवाद मोजते: कामावर असलेला सरकारी नोकर, तिथे राहण्याची परवानगी मिळालेला मनुष्य, हद्दीतल्या स्थावर मालमत्तेवर ज्याचा हक्क आहे तो, सार्वजनिक रस्त्याने पलीकडे जाणारा वाटसरू, आणि पहिल्या तिघांचे आश्रित. या यादीत तुमचे-आमचे नाव नाही. आपण येतो ते पुढच्या कलमात, परवाना मागणाऱ्यांच्या रांगेत. तिथेही आधी वन्यजीवांचा अभ्यास, मग छायाचित्रण, मग शास्त्रीय संशोधन, आणि चौथ्या जागी पर्यटन. राष्ट्रीय उद्यानांनाही हीच दोन्ही कलमे लागू आहेत. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने आपण मालक नाही, वारस नाही, वाटसरूसुद्धा नाही. आपण परवान्यावरचे पाहुणे आहोत.

व्याघ्र प्रकल्पांच्या बाबतीत कायदा आणखी पुढे जातो. २००६ च्या दुरुस्तीने वाघाच्या अधिवासाचा गाभा कसा राखावा ते सांगितले, आणि त्यासाठी इंग्रजी पाठात 'इन्व्हायोलेट' हा शब्द योजला. ज्याचा भंग होऊ नये, ज्याला बाहेरचा स्पर्श होऊ नये असे ते क्षेत्र. या शब्दासाठी मराठीत 'अबाधित' वगैरे प्रतिशब्द सुचतील. पण लष्करातल्या जुन्या वाड्यांत वाढलेल्या आमच्यासारख्याला अगदी जवळचा शब्द आठवतो तो 'सोवळे'.

आजी सोवळ्यात असली, की स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर आम्ही पोरे उभी राहत असू. आत येणे नाही, शिवणे नाही, मागितलेले पाणीसुद्धा वरून ओतून मिळायचे. दोरीवर वाळत घातलेल्या सुती लुगड्याला कोणाचा हात लागला तर ते पुन्हा धुवावे लागे. पण रेशमाला हा जाच नव्हता. वडिलांना कचेरीची घाई असली, की खुंटीवरचा मुकटा गुंडाळून ते थेट पानावर बसत. तो मुकटा रोज धुतलेला असे असे मुळीच नाही. ज्याच्यापाशी मुकटा, त्याला उंबरा सोपा. आणि जिच्या हातांवर ते घर चालले होते ती भांडी घासणारी बाई मागच्या दारी, न्हाणीच्या पलीकडे उभी असायची. कोणतेही वस्त्र तिला त्या उंबऱ्याच्या आत आणू शकत नव्हते. हे आम्हाला त्या वेळी दिसले नाही. दिसले असते तर आम्ही बाकी काही केले असते, असा दावाही करवत नाही.

अरण्याच्या सोवळ्याला आम्ही नावे ठेवत नाही. आजीच्या सोवळ्याच्या मागे शुद्धतेची कल्पना होती. अरण्याच्या सोवळ्याच्या मागे वाघिणीला पिले वाढवायला लागणारी शांतता आहे, आणि ती खरी गरज आहे. आमची शंका उंबऱ्याविषयी नाही, मुकट्याविषयी आहे. राष्ट्रीय उद्यानांसंबंधीच्या पस्तिसाव्या कलमात एक वाक्य आहे. उद्यानात गुरे चारता येणार नाहीत, आणि गुरांना आत येऊही देऊ नये; अपवाद एवढाच, की प्रवेशाची परवानगी असलेल्या माणसाचे ते वाहन असेल तर चालेल. हे वाक्य आम्ही दोनदा वाचले. गरीब माणसाचे तट्टू पोटासाठी गवताला तोंड लावायला आले तर तो गुन्हा, आणि तेच तट्टू परवानेवाल्याला पाठीवर घेऊन आले तर ते वाहन. कायदा करणाऱ्यांचा हेतू सरळच असणार. पण हेतू सरळ असूनही वाक्य असे उतरावे, यातच काही सांगितले गेले आहे.

ग्वाल्हेरकरांना हा अपवादांचा इतिहास नवा नाही. शिवपुरी, जुन्या लोकांच्या तोंडची शिप्री, ही शिंदे सरकारची उन्हाळी राजधानी. आजचे माधव राष्ट्रीय उद्यान ज्या रानात आहे, ते राजघराण्याचे शिकारीचे रान होते. त्यातल्या सख्यासागर तलावाला माधवराव महाराजांच्या मातोश्री सख्याराजे यांचे नाव आहे. २०२२ साली हा तलाव रामसर स्थळांच्या यादीत गेला. छत्र्यांवर जाऊन संध्याकाळचे गाणे ऐकणे आणि मग तलावाकाठी मगरी पाहणे हा आमच्या पिढीचा ठरलेला शिप्रीचा कार्यक्रम. आमच्या घराण्यातले एक चुलत आजोबा संस्थानच्या शिकारखान्यात कारकून होते, आणि घरात त्यांच्या गोष्टींना तोटा नव्हता. माधवराव महाराज शिकारीतले जाणकार. वाघाच्या शिकारीवर त्यांनी इंग्रजीत मार्गदर्शक पुस्तक लिहिले. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत त्यांनी आफ्रिकेतून सिंह आणवून आपल्या रानात सोडण्याचा प्रयोगही करून पाहिला. ते सिंह गुरांवर आणि माणसांवर जाऊ लागले आणि प्रयोग फसला. शंभर वर्षांनी त्याच टापूत पुन्हा आफ्रिकेतलेच जनावर यावे हा योगायोग इतिहासाने मुद्दाम घडवल्यासारखा वाटतो, पण ते असो.

त्या गोष्टींत एक शब्द वारंवार येई: हाका. मचाणावर पाहुणे बसत आणि तिन्ही बाजूंनी गावचे लोक डबे, ढोल बडवीत रान उठवीत, म्हणजे वाघ मचाणाकडे येई. हाका घालणारे त्याच रानातले. ते रानात होते, पण रान त्यांचे नव्हते. महाराजांच्या हुकुमाने ते आत येत आणि बंदूक चालल्यावर बाहेर होत. चुलत आजोबांच्या गोष्टींत पाहुण्यांची नावे, बंदुकांच्या जाती, वाघांच्या लांब्या सगळे असे. हाकाऱ्यांतल्या एकाचेही नाव नसे. आम्हीही ते कधी विचारले नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५० च्या दशकाच्या अखेरीस हे रान राष्ट्रीय उद्यान झाले. पुढे तिथून वाघ नाहीसा झाला. मार्च २०२३ मध्ये तीन वाघ आणून सोडण्यात आले, आणि मार्च २०२५ मध्ये ते देशातले ५८ वे व्याघ्र प्रकल्प क्षेत्र जाहीर झाले. ग्वाल्हेरात आनंद झाला, आम्हालाही झाला. त्या आनंदात 'आपल्या शिप्रीला वाघ परत आला' असा जो 'आपल्या' होता, त्याच्याविषयी मात्र पुढे विचार करावा लागला.

तो विचार करायला लावणारी घटना सांगतो. अरण्याचे नाव सांगत नाही. दोष अरण्याचा नव्हता, आमचा होता. काही वर्षांपूर्वी चैत्रात आम्ही पाचजण, सगळे निवृत्त, सगळे सुशिक्षित, एका उघड्या जिप्सीतून वाघ पाहायला गेलो. बरोबर स्थानिक वाटाड्या, पंचविशीचा मुलगा. फाटकावर त्याने नियम सांगितले: खाली उतरायचे नाही, मोठ्याने बोलायचे नाही, काही टाकायचे नाही, गाडी वाट सोडणार नाही. आम्ही माना डोलावल्या. दोन तास गेले. चितळ, सांबर, मोर, पुष्कळ मोर. वाघ नाही. उन्हे चढू लागली तसे आमच्यातल्या एकाला डावीकडच्या माळापलीकडच्या नाल्यात पिवळे काही हलल्यासारखे वाटले. वाट तिकडे जात नव्हती. आम्ही वाटाड्याला म्हटले, थोडे तिरके घाल. तो म्हणाला, "साहब, पहिया लीक से उतरा तो मेरा काम जाएगा." आमच्यातल्या एकाने पाचशेची नोट काढली. ते 'एकजण' आम्हीच होतो.

मुलाने नोटेकडे पाहिले, चालकाकडे पाहिले. गाडी वाट सोडून पन्नास-साठ हात माळावर गेली. नाल्यात वाळलेल्या पळसाची पाने होती. परत वळताना एक टिटवी गाडीच्या अंगावर येऊन ओरडू लागली. ती पुढे जाई, वळे, पुन्हा डोक्यावरून घिरटी घाली. समुद्राशी भांडणारी टिटवी आपण सर्वांनी गोष्टीत वाचली आहे आणि तिला हसलोही आहोत. टिटवी अंडी घालते ती उघड्या जमिनीवर, खड्यांच्या रंगाची, पायाखाली आली तरी न दिसणारी. मुलगा चालकाला "धीरे, धीरे" म्हणत होता आणि वाकून चाकापुढची जमीन पाहत होता. अंडी चाकाखाली आली की नाही, आम्हाला ठाऊक नाही. आम्ही उतरून पाहिले नाही; उतरणे नियमाविरुद्ध होते. त्या क्षणी आम्हाला नियम आठवला.

मागून आलेल्या दुसऱ्या गाडीतल्या कोणीतरी तक्रार केली. पंधरा दिवसांनी मुलाला फोन केला, तेव्हा समजले की त्याला महिनाभर कामावरून बंद केले आहे. आम्हाला कोणीही काही विचारले नाही. आमची नावे, ओळखपत्रांचे क्रमांक, सगळे फाटकावरच्या वहीत होते. बोलता बोलता त्याने सांगितले, की त्याचे आजोळ कूनोच्या आत होते. "गाँव अब नहीं है, साहब." एवढेच. तक्रारीचा सूर नव्हता. आमच्या पाचशे रुपयांचा त्याने उल्लेखही केला नाही.

नियम आमच्यासाठी होता, भंग आम्ही करविला, आणि शिक्षा त्याला झाली. हा व्यवहार आमच्या मनातून जाईना. म्हणून कूनोची हकिकत शोधून वाचली. ती इथल्या बहुतेकांना अर्धी ठाऊक असते, चित्त्यांपासून पुढची. तिची सुरुवात सिंहांपासून आहे. आशियाई सिंह फक्त गीरमध्ये उरला. एखाद्या साथीने तो सगळाच जाऊ नये म्हणून त्याला दुसरे घर हवे, आणि ते कूनोत द्यावे, असे ठरले. त्यासाठी १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढच्या काही वर्षांत कूनो अभयारण्यातली २४ गावे बाहेर हलविण्यात आली. दीड हजारांवर कुटुंबे, बहुतेक सहरिया. कुटुंबाला दोन हेक्टर जमीन द्यायचे ठरले होते. ती जमीन बाहेर होती, आणि सालईच्या डिंकावर, मोहावर, तेंदूपानावर चालणारा संसार आत होता. वनहक्कांचा कायदा आला २००६ साली. म्हणजे ज्यांचे हक्क लिहून घ्यायचे, ते लोक हक्क लिहिण्याचा कायदा होण्याआधीच उठलेले होते. दरम्यान सर्वोच्च न्यायालयाने २००० साली उद्यानांतून आणि अभयारण्यांतून वाळके लाकूड आणि गवतही काढायला मनाई केली. सिंह काही आला नाही. गुजरातने दिला नाही. एप्रिल २०१३ मध्ये न्यायालयाने सिंह हलविण्याचा निकाल दिला, तरी आला नाही. मग १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ चित्ते आले, पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतून बारा. ज्या पाहुण्यासाठी घर रिकामे केले तो आला नाही, आणि वीस वर्षांनी दुसराच आला. त्यात चित्त्याचा काही दोष नाही. तोही हलविलेलाच.

इथे कोणी म्हणेल, की ही सरकारची गोष्ट झाली. तिकीट काढून जाणाऱ्याने काय करायचे? आमचा प्रश्न नेमका तिथेच आहे. एखादी जागा माणसाच्या वावराने बिघडते, म्हणून माणूस तिथे नको, हे तत्त्व मान्य करू. ते मान्य केले, की ते सर्वांना लागले पाहिजे. पण प्रत्यक्षात ज्याचे घर तिथे होते तो बाहेर गेला, आणि ज्याचे तिथे काहीच नव्हते तो सकाळी साडेसहाला फाटकावर रांग लावून आत गेला. वाघाला चुलीचा धूर खुपतो आणि डिझेलचा खुपत नाही, असे कोणी सिद्ध केलेले नाही. तर मग आपण आत जातो ते तत्त्वाने नव्हे, अपवादाने. आणि अपवादाचे मोल आपण पैशांत मोजून मोकळे होतो. तो आमचा मुकटा.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते, आणि ते पोकळ नाही. जे दिसत नाही ते जपावेसे वाटत नाही. शहरातल्या मुलाने एकदा मोकळा वाघ पाहिला, तर तो जन्मभर वाघाच्या बाजूने उभा राहतो; पर्यटकांची वर्दळ असते तिथे चोरटा शिकारी बिचकतो; फाटकावरचे पैसे आणि वाटाड्यांचे पगार गावात जातात. हे सारे काही अंशी खरे आहे. आमच्या नातीने बालपणी कान्हात बारशिंगा पाहिला आणि पुढे ती प्राणिशास्त्राकडे गेली, हे आम्ही अभिमानाने सांगतो. पण सरिस्कातला वाघ २००४-०५ साली संपलेला आढळला आणि पन्नातला २००९ साली, तेव्हा दोन्ही ठिकाणी पर्यटक जातच होते. डोळ्यांची गर्दी म्हणजे पहारा नव्हे. आणि मुलाच्या मनात वाघ उभा करण्यासाठी तो पन्नास फुटांवरूनच दिसला पाहिजे, हेही आम्हाला आता पटत नाही. आमच्या पिढीच्या मनात तो चुलत आजोबांच्या गोष्टींनी उभा केला. फार तर असे म्हणू, की चुकीच्या गोष्टींनी.

देवदर्शनाचा प्रश्न याहून अवघड आहे. भीमाशंकराचे देऊळ अभयारण्याच्या कुशीत आहे. रणथंभोरच्या किल्ल्यावर त्रिनेत्र गणेश आहे, आणि भाविक वाघांच्या वाटेने वर्षभर चालत जातात. तिकिटाहून हा हक्क जुना, हे आम्ही मानतो. पण एप्रिल २०२५ मध्ये रणथंभोरला दर्शनाहून परतणारे सात वर्षांचे पोर आजीच्या देखत वाघाने नेले, तेव्हा श्रद्धेलाही वेळ आणि वाट आखून घ्यावी लागते हे पुन्हा दिसले. बांधवगडात किल्ल्यावरचे राम-जानकीचे देऊळ लोकांसाठी वर्षात एकदा, जन्माष्टमीला उघडते. लोक त्या एका दिवसाची वाट पाहतात, चढ चढतात, दर्शन घेतात, उतरतात. आम्हाला ही रीत शहाणपणाची वाटते. वर्षातून एकदाच भेटणाऱ्या देवाला लोक विसरले, असे कोणी ऐकले आहे काय?

या संदर्भात न्यायालयांनी वेळोवेळी दोऱ्या आवळल्या आहेत. जुलै २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातले पर्यटन काही काळ पूर्ण थांबविले. ऑक्टोबरात ते पुन्हा सुरू झाले, पण गाभ्याचा २० टक्क्यांहून अधिक भाग पर्यटनाला देऊ नये अशा मार्गदर्शक सूत्रांसह. त्या तीन महिन्यांत काय हाकाटी झाली होती ते आम्हाला आठवते. पर्यटकांचा हक्क गेला, असे लोक म्हणत होते. आम्हीही म्हटले असेल. घर सोडणाऱ्या २४ गावांसाठी ग्वाल्हेरातल्या आमच्या बैठकीच्या खोल्यांत त्याच्या शतांशानेही बोलले गेले नव्हते. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांत रात्रीच्या सफारींवर पूर्ण बंदी घालण्यास सांगितले, आणि गाभ्यातल्या पर्यटन विभागात मोबाइल वापरायला मनाई केली. मोबाइलची मनाई काहींना पोरकट वाटली. फोटोने वाघाचे काय जाते, असे त्यांचे म्हणणे. आम्हाला तो नियम फार नेमका वाटतो. वाघ दिसला, की एका गाडीतून दुसरीला फोन जातो, दुसरीतून दहांना. पाच मिनिटांत तिन्ही बाजूंनी गाड्या येतात आणि वाघाला जायला एकच वाट उरते. चुलत आजोबा असते तर त्यांनी याला लगेच ओळखले असते. त्यांच्याकडे याला शब्द होता.

तर मावशींच्या प्रश्नाचे काय? आम्ही बैठकीत काय सांगणार आहोत ते आधीच लिहून ठेवतो, म्हणजे ऐनवेळी माघार घेता येणार नाही. 'मुळीच जाऊ नये' असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणे सोपे आहे आणि त्यात स्वतःवर खूश होण्याचा धोका आहे. बाहेर वसविलेल्या गावांना 'भेट' द्यावी, अशी एक सूचना एका तरुण सभासदाने खासगीत केली. तिलाही आमचा विरोध राहील. ज्यांचे रान बघायचे म्हणून त्यांना उठविले, त्यांचे दारिद्र्यही बघायला बस घेऊन जायचे, हे आम्हाला सोसवणार नाही. जायचे असेल तर अपवादाने आत आलेल्या माणसासारखे जावे. ज्याच्यासाठी नियम सैल केला आहे, त्याने तो नियमाच्या चटक्याने बाहेर गेलेल्यापेक्षा अधिक काटेकोर पाळला पाहिजे. वाटाड्या पाहत असो वा नसो, वाघ दिसो वा न दिसो. नियम मोडला तर आपले नाव आपण होऊन वहीत लिहावे आणि दंड आपण भरावा, मुलाच्या रोजगारातून नव्हे. आणि उद्या फाटक बंद झाले, दोन वर्षांसाठी, दहा वर्षांसाठी, कायमचे, तर हाकाटी करू नये. ही शेवटची अट सभासदांना जड जाईल. आम्हालाही ती जड जाते. चित्ता पाहायची इच्छा आमच्या मनातून गेलेली नाही, हे कबूल करतो.

मुलाच्या महिन्याभराच्या कमाईइतके पैसे आम्ही पाचजणांनी पाठवले. त्याने ते घेतले, आणि पोचल्याचे कळवले. पुढल्या वर्षी, पावसाळ्यानंतर फाटक उघडल्यावर, आम्ही पुन्हा त्या रानात गेलो. तोच वाटाड्या मागून घेतला. फाटकावर त्याने तेच नियम त्याच क्रमाने सांगितले, आमच्याकडे विशेष न पाहता. आत तो माळ आला. गवत कमरेइतके वाढले होते, चाकांची खूण कुठे ती उरली नव्हती. टिटवी तिथे आहे का ते पाहावे, म्हणून आम्ही गाडी जरा थांबवायला सांगितली. वाटेवरच, खाली न उतरता.

त्याने मनगटावरचे घड्याळ पाहिले. "टाइम नहीं है, साहब," तो म्हणाला, आणि चालकाला पुढे जायची खूण केली.